गुरुजींची हजेरी

(एका तालुक्याच्या गांवीं भरलेल्या शिक्षक व पालकांच्या मेळाव्यांत झालेलें भाषण)



येथें पुढें शिक्षक बसले आहेत आणि मागें आईबाप उभे आहेत. आम्हांस विषय दिला आहे तो शिक्षकांचा, म्हणजे मुलांना वळण लावणारानें स्वतःला वळण कसें लावावें हा. शिक्षकांपुरतेंच बोलावयाचें असतें तर दार लावून बोललों असतों. पण पोर आईबापांचें आहे, तेव्हां त्यांच्या देखत बोललेलें बरें. आमचें बोलणें साधें आहे. त्याला संस्कृत वचनांची फोडणी नाहीं. ज्यांना तिच्यावांचून घांस उतरत नाहीं त्यांनीं आजच्यापुरतें सोसून घ्यावें.

आधीं एक जुनी मागणी आठवूं. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. पैसा शेतकऱ्याचा आणि विद्येचा लाभ वरच्या वर्गाला, हें त्यांचें गाऱ्हाणें होतेंच; पण शिक्षक कसा असावा हेंही त्यांनीं त्यांत सांगितलें. प्राथमिक शाळांचे शिक्षक होतील तितके शेतकरी वर्गांतून तयार करावे, म्हणजे ते त्या लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास त्यांस लाज वाटूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याआधीं १८६९ सालीं त्यांनीं 'विद्याखात्यांतील ब्राह्मण पंतोजी' हा पवाडा लिहिला, तोही याच दुखण्यावर. पंतोजी कुणब्याच्या पोराकडे कोणत्या नजरेनें पाहतो, हा त्या दुखण्याचा गाभा होता.

ती मागणी आतां पुष्कळ अंशीं फळास आली आहे. खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत जा. खुर्चीवर माळ्याचा, धनगराचा, सुताराचा, शिंप्याचा, मराठ्याचा, बौद्धाचा मुलगा बसलेला दिसेल. बाई असल्या तर त्याही तशाच घरांतून आलेल्या असतील. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खटपटीनें हें झालें आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. पण तेवढ्यावर हात झटकून चालत नाहीं. खुर्चीवरचा माणूस बदलला. खुर्चीची जुनी खोड त्याच्या अंगांत शिरली कीं नाहीं, हें कोणी पाहावयाचें? साहेब येतील ते पट पाहतील, खिचडीचा हिशेब पाहतील, भिंतीवरचे तक्ते पाहतील. ही खोड त्यांच्या कागदांत कोठेंच भरावी लागत नाहीं. ती ज्याची त्यालाच धुंडावी लागते.

एक उदाहरण घेऊं. पहिलीचें पोर उठून म्हणतें, "गुरुजी, पानी प्यायला जाऊं?" गुरुजी म्हणतात, "पानी नाहीं रे गाढवा, पाणी म्हण, पाणी!" वर्ग हंसतो. पोर खालीं बसतें, आणि तहान तशीच राहते.

आतां या 'न' आणि 'ण' मध्यें काय आहे तें पाहा. आपल्या बहुतेक कष्टकरी घरांत 'न' च बोलतात. वऱ्हाडांत तर 'ळ' चाही 'य' होतो; तेथें डोळ्याला डोया म्हणतात आणि त्या डोयांना आपल्याइतकेंच दिसतें. हें त्या त्या मुलखाचें बोलणें आहे. त्यांत बुद्धि कमी असल्याची कांहीं एक खूण नाहीं. पण शेंदीडशें वर्षें या एका अक्षरावरून माणसाची जात ओळखली गेली आणि त्याला दारांत उभें करावें कीं ओसरीवर बसवावें हें ठरलें. ज्या गुरुजींनीं पोराला गाढव म्हटलें त्यांची आई घरीं पानीच म्हणते. ते स्वतः कॉलेजांत गेले तेव्हां कोणीतरी त्यांना हंसलें, म्हणून त्यांनीं रात्री जागून 'ण' घोटला. जें दुखणें त्यांनीं सोसलें तेंच ते आतां सहा वर्षांच्या पोराला वांटीत आहेत, आणि त्यांना वाटतें कीं आपण शुद्धलेखन शिकवितों!

आम्ही असें म्हणत नाहीं कीं पुस्तकी भाषा शिकवूं नये. शिकवावीच. ती आली नाहीं तर अर्ज लिहितां येणार नाहीं, कोर्टाचा कागद वाचतां येणार नाहीं, आणि पुन्हां दुसऱ्याच्या ओट्यावर हात जोडून बसणें आलें. पण ती शिकविण्याची जागा आणि वेळ असते. पोर म्हणालें "पानी", तर "हो, पाणी पिऊन ये" एवढें म्हणावें. शब्द त्याच्या कानांवर गेला, काम झालें. पुढें वाचनाच्या तासाला फळ्यावर दोन्ही अक्षरें काढावीं आणि सांगावें कीं घरीं आपण असें बोलतों, पुस्तकांत असें लिहितात. त्यांत आईच्या बोलीला शिवी नाहीं. आईची बोली अशुद्ध असें ज्या पोराला पहिल्या वर्षींच कळलें, तें पोर एक तर आईची लाज बाळगावयास शिकतें, नाहींतर शाळेंत तोंड उघडावयाचें सोडतें. गोंडी, भिली, अहिराणी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचें तर याहून अवघड आहे. त्यांना पहिल्या दिवशीं गुरुजींचें अर्धें बोलणेंच कळत नाहीं, आणि गुरुजी पटावर शेरा मारून मोकळे होतात कीं मूल मंद आहे.

नजरेचीही अशीच गोष्ट. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लहानपणच्या शाळेविषयीं स्वतः लिहून ठेवलें आहे. वर्गांत त्यांना गोणपाटावर वेगळें बसावें लागे आणि तें गोणपाटही रोज घरीं न्यावें लागे. तहान लागली तर नुसती गुरुजींची परवानगी पुरत नसे. नळाला त्यांनीं हात लावावयाचा नाहीं, म्हणून शिपायानें येऊन नळ सोडला पाहिजे. शिपाई नसला तर पाणी नाहीं. त्या शाळेंतले सगळे शिक्षक दुष्ट होते असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांतले कित्येक घरीं देवभोळे, पोराबाळांवर माया करणारे असतील. समोर चाललें आहे तें त्यांना दिसत नव्हतें, कारण तें रोजचें होतें. पुढें मुंबईस कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाला बागेंत एक विद्यार्थी वाचीत बसलेला दिसला. त्यांनीं त्याची चौकशी केली आणि १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां स्वतः लिहिलेलें बुद्धाचें चरित्र त्याच्या हातीं दिलें. बागेंत माणसें पुष्कळ असतील. केळुसकरांना त्यांत वाचणारें पोर दिसलें.

आज गोणपाट नाहीं आणि नळही सर्वांना मोकळा आहे. पण वर्गांत कोणाला पुढें बसविलें, झाडू कोणाच्या हातीं दिला, पाहुणे आल्यावर हार घालावयास कोणाची पोर उभी केली आणि खुर्च्या उचलावयास कोणाचा पोर पाठविला, एवढें एका महिन्याचें टिपून पाहा. टिपतांना कोणाला दाखवूं नका. आपलें आपणच वाचा.

आतां रागाचें बोलूं, कारण शिक्षकाचें निम्मे दुखणें राग हेंच आहे. आम्ही शिक्षकांची बाजू जाणत नाहीं असें नाहीं. एका खोलींत दोन इयत्ता, हातांत खडू, मोबाईलवर वरून हुकूम कीं अमुक माहिती दुपारच्या आंत भरून पाठवा. जनगणना त्यांनीं करावयाची, निवडणूक त्यांनीं करावयाची. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेंच तीं कामें शिक्षकावर ठेवलीं आहेत. साहेब गुरुजींवर ओरडतो. गुरुजींना साहेबावर ओरडतां येत नाहीं. मग वड्याचें तेल वांग्यावर निघतें, आणि वांगें म्हणजे मागच्या रांगेंतलें तें पोर, ज्याचा बाप भांडावयास येणार नाहीं. हें शेवटचें वाक्य नीट ध्यानांत घ्या. पाटलाच्या, सरपंचाच्या किंवा दुसऱ्या शिक्षकाच्या पोरावर गुरुजींचा राग कसा आवरला जातो तें पाहा. तेथें आवरतो, म्हणजे राग आवरतां येतो. मग दुसरीकडे तो आवरत नाहीं ही सबब टिकत नाहीं.

शेतकऱ्याला पराणी ठाऊक आहे. ज्याच्या पराणीच्या टोकाला सदा रक्त, त्याचे बैल नीट चालत नाहींत. ते अंग चोरावयास शिकतात, आणि गांवांत त्याला कोणी चांगला शेतकरी म्हणत नाहीं. मुलाचेंही तसेंच होतें. माराखालीं तें खोटें बोलावयास शिकतें, शेजाऱ्याचें उतरून काढावयास शिकतें, आणि गुरुजींची पाठ वळण्याची वाट पाहावयास शिकतें. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानें अंगावर मारणें जसें बंद केलें तसाच मानसिक छळही बंद केला. 'तुझ्या बापानें कधीं पाटी पाहिली होती काय' हें वाक्य छडीच्याच पंक्तीला बसतें, हें पुष्कळांच्या गांवींही नाहीं. आणि मागें उभे असलेल्या बाबांनो, तुम्हीही शाळेंत येऊन 'गुरुजी, हवें तितकें मारा पण पोराला शहाणें करा' असें म्हणतां, तें सोडा. मारून शहाणपण येत असतें तर आपल्या वाडवडिलांइतकें शहाणें जगांत कोणी नसतें!

या रागाविषयीं इटलीच्या एका बाईनें फार विचार केला आहे. मारिया माँटेसोरी ही डॉक्टर होती. १९०७ सालीं रोम शहरांत सान लोरेंझो नांवाच्या गरीब वस्तींत तिनें कष्टकऱ्यांच्या लहान मुलांसाठीं बालगृह काढलें. पुढें १९३९ सालीं ती हिंदुस्थानांत आली, आणि महायुद्धामुळें कांहीं वर्षें येथेंच राहून तिनें पुष्कळ शिक्षक शिकविले. तिची शिकविण्याची साधनें, ते ठोकळे आणि मणी, आज श्रीमंतांच्या शाळांत दिसतात. तिच्या मूळ सांगण्याकडे मात्र फारसें कोणी लक्ष देत नाहीं. शिक्षकानें आधीं आपलें मन निवडावें, धान्य निवडतात तसें, आणि त्यांतून राग व गर्व हे दोन खडे काढावे, असा त्या सांगण्याचा आशय. मोठ्या माणसांत राग केला तर कोणीतरी उलटून बोलतो, म्हणून तो आपोआप आवरतो. मूल उलटून बोलूं शकत नाहीं, उलट आपणच चुकलों असें समजतें, म्हणून त्याच्यापुढें मोठ्या माणसाचा राग मोकाट सुटतो. आणखी एक गोष्ट तिनें सांगितली, ती आम्हांस फार पटते. आपले दोष आपल्याला एकट्यानें दिसत नाहींत; दुसऱ्याचें साह्य घ्यावें लागतें. न्हावी गांवाची दाढी करतो, पण त्याच्या मानेवरचे केंस दुसऱ्यालाच काढावे लागतात.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं हें काम खेड्यांत आणलें. १९४५ सालीं बोर्डीस, जें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, त्यांनीं अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण बालशिक्षणाला हात घातला; १९५७ पासून तें काम कोसबाडच्या टेकडीवर चाललें. आदिवासींचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें त्यांना दिसलें. दुसरा कोणी असता तर 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं' असा अहवाल पाठवून झोंपला असता. या बायांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, गुरें राखणाऱ्या मुलांमागें कुरणांत नेली. आज गांवोगांव अंगणवाडी आहे, त्या नांवाचें मूळ येथें आहे. मूल येत नाहीं, शिकत नाहीं, ऐकत नाहीं, असें दिसलें म्हणजे 'यांत माझें काय बदलावें?' हा प्रश्न त्यांनीं आधीं घातला.

बीडकडचीं पुष्कळ घरें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. तेथून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशीं काय विचारलें जातें? 'कोठें उलथली होतीस इतके दिवस?' पांच महिने जिनें उघड्यावर भाकरी थापली, धाकट्या भावाला सांभाळलें, पहांटेच्या थंडींत मोळ्या वाहिल्या, तिला हा प्रश्न. ती दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. गुरुजी रजिस्टरांत लिहितात, पालक उदासीन. शाळा सुटलेल्या मुलीचें पुढें काय होतें तें सांगावयास नको. दोन वर्षांत तिचें लग्न होतें आणि कोयता तिच्या हातीं येतो. एका वाक्यानें एवढें होतें काय, असें कोणी विचारील. एकट्या वाक्यानें होत नाहीं. दारिद्र्य आहे, मुकादमाची उचल आहे. पण दारिद्र्य गुरुजींच्या हातांत नाहीं आणि वाक्य आहे. 'आलीस? बरें झालें, ये. तुझी जागा ठेवली आहे,' असें म्हणावयास सरकारी मंजुरी लागत नाहीं.

मूल कसें निघणार हें आपण आधींच मनांत ठरवून ठेवतों, याचाही परिणाम होतो. अमेरिकेंत रोझेंथाल आणि जेकबसन या दोघांनीं एका शाळेंत प्रयोग करून १९६८ सालीं त्याचें पुस्तक छापलें. त्यांनीं कांहीं मुलांचीं नांवें शिक्षकांना सांगितलीं कीं हीं यंदा झपाट्यानें पुढें जातील. खरें तर तीं नांवें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं काढलीं होतीं. वर्षानें तपासलें तेव्हां लहान इयत्तांतलीं तीं मुलें इतरांपेक्षां पुढें गेलेलीं निघालीं. फरक किती मोठा, यावर विद्वानांत पुढें बरेच वाद झाले, म्हणून आम्ही त्याचा फार डंका वाजवीत नाहीं. पण ज्या मुलाकडून उत्तराची आशा नाहीं त्याच्यासमोर गुरुजी क्षणभरही थांबत नाहींत आणि हुशार ठरलेल्यासमोर चांगले वाट पाहत उभे राहतात, हें पाहावयास अमेरिकेस जावें लागत नाहीं.

मग करावें काय? आम्ही एक वही सुचवितों. ती साहेबाला दाखवावयाची नाहीं आणि तिचा नमुना कोणी छापूंही नये. छापला कीं ती मेली. पहिल्या दिवशीं घरीं बसून आपल्या वर्गांतल्या सर्व मुलांचीं नांवें पट न पाहतां लिहून काढा. कोणतीं नांवें शेवटीं आठवलीं आणि कोणतीं आठवलींच नाहींत त्यांवर खूण करा. तीं मुलें वर्गांत बसतात, पण तुम्हांस दिसत नाहींत. मग तीं कोणत्या आळींतलीं, मुलगे किती, मुली किती, कोणत्या घरांतलीं, हें पाहा. वहींतलें हें पहिलें पान वाचावयास धैर्य लागतें. पुढें रोज निजण्याआधीं पांच मिनिटें लिहावें. आज कोणाला प्रश्न विचारला, कोणावर चिडलों, तेव्हां वेळ काय होती, पोटांत अन्न होतें कीं नाहीं, त्याआधीं कोणाचा फोन आला होता. महिन्यानें चाळाल तर राग कोणत्या वाटेनें येतो तें समजेल. ती वाट समजली म्हणजे तेथें कुंपण घालतां येतें. आणि शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकाला किंवा बाईंना एक दिवस आपल्या वर्गांत मागें बसवावें व विचारावें, माझ्या ध्यानांत न येणारें काय दिसलें? हें जड जातें, मान खालीं जाते. पण नांगर सरळ चालला कीं वांकडा, हें बांधावरून पाहणाराला आधीं दिसतें.

दुसरें, स्वतः शिकणें सोडूं नये. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? नोकरी लागली तेव्हां जें पुस्तक मिटलें तें निवृत्तीपर्यंत उघडावयाचें नाहीं, अशी कित्येकांनीं जणूं शपथच घेतली आहे. पुस्तकांखेरीज दुसरें शिकणेंही आहे. लोहाराच्या पोराला उभें करून विचारा, विळ्याला पाणी कसें देतात, लोखंड कोणत्या रंगावर आलें म्हणजे बुडवावयाचें. धनगराच्या पोरीला विचारा, इतक्या मेंढरांतलें एक कमी झालें तें तुला न मोजतां कसें कळतें. गुरुजींनीं दहा मिनिटें खालीं बसून ऐकावें, आणि न कळेल तेथें 'हें मला ठाऊक नाहीं, पुन्हां सांग' असें म्हणावें. गुरुजींना ठाऊक नसतें आणि तें कबूल केल्यानें आभाळ कोसळत नाहीं, हें ज्या वर्गानें पाहिलें त्या वर्गांतलें पोर चुकण्याला भिणार नाहीं. १८५५ सालीं जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंतल्या मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. त्यांत तिनें कोणाची भीड ठेवली नाहीं. पोरीनें इतकें निर्भयपणें लिहावें, म्हणजे तिच्या वर्गांत तिला कोणी हंसत नसणार, एवढें आम्ही समजतों.

आईबापांसाठीं थोडें राहिलें. गुरुजी वाईट म्हणून गांवभर बोलणें सोपें आहे. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानें नेमलेली आहे आणि तिच्यांत बहुसंख्य पालक असतात. तिच्या सभेस जा, नुसता अंगठा किंवा सही देऊन परत येऊं नका. पोर घरीं आलें कीं किती मार्क पडले हें विचारण्याआधीं, आज गुरुजी तुझ्याशीं काय बोलले, हें विचारा. आणि गुरुजी चांगले असतील तर तेंही तोंडानें सांगा. आपल्या लोकांत एक मोठी कंजूषी आहे. शिवी मोजून देत नाहींत, पण शाबासकी मात्र तोळ्यानें देतात. शिक्षकही माणूस आहे. त्याला कोणी चांगलें म्हटलें तर दुसऱ्या दिवशीं त्याचा हात पोरांच्या पाठीवर मायेनें पडेल.

आमची वेळ होऊन गेली आहे, आणि चालक मघांपासून खुणा करीत आहेत. ज्यांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं विचारावें. मात्र पुढच्या ओळीनें जरा थांबावें. मागें उभ्या असलेल्या बायांना आधीं बोलूं द्यावें.